भूस्थिर उपग्रहाच्या चित्रांतून ढगांचा माग काढून वारा मोजणे : तीन शंका

वातकुक्कुट

भूस्थिर उपग्रहाची लागोपाठची दोन चित्रं घ्यायची, पहिल्यातला एक चौकोन दुसऱ्यात शोधायचा, किती सरकला ते पाहायचं आणि वेळेने भागायचं. ऐकायला इतकं सोपं की एका बैठकीत प्रोग्राम होतो. झालाही. गाडी आता तीन ठिकाणी अडली आहे.

मांडणी अशी : हिमावारी या जपानी भूस्थिर उपग्रहाचा १०.४ मायक्रॉनचा अवरक्त (उष्णता टिपणारा) चॅनेल, उपग्रहाखालच्या बिंदूशी पिक्सेल २ किमी, चित्रांत १० मिनिटांचं अंतर, चौकोन २४ × २४ पिक्सेल. ओपनसीव्ही या चित्रप्रक्रियेच्या लायब्ररीतलं मॅचटेम्प्लेट, म्हणजे चौकोन कुठे सर्वांत चांगला जुळतो ते शोधणारं फंक्शन; जुळणीचं माप सामान्यीकृत सहसंबंध (पूर्ण जुळलं तर १). उंचीसाठी चौकोनातल्या सर्वांत थंड पिक्सेलांचं तापमान घेऊन ते हवामान-मॉडेलने उंचीनुसार दिलेल्या तापमानाशी जुळवतो.

१. वेग पायऱ्यापायऱ्यांनी येतात : ३.३, ६.७, १० मी/से. मधलं काही येतच नाही.
२. जेट प्रवाहात (खूप उंचावरच्या वेगवान वाऱ्यांच्या पट्ट्यात) वेग पुनर्विश्लेषणापेक्षा (जुन्या निरीक्षणांवरून मॉडेलने काढलेल्या वाऱ्यापेक्षा) सतत कमी भरतो.
३. सरळ पश्चिमेचे वारे छान जुळतात, पण जिथे नैर्ऋत्येचे असायला हवेत तिथे वायव्येचे येतात.

आणि मुळातला प्रश्न : ढग सरकला म्हणजे वाऱ्यानेच सरकला, हे कितपत धरून चालायचं?

गणितीगोंधळ

पहिली शंका लगेच सुटेल. २००० मीटर भागिले ६०० सेकंद म्हणजे ३.३३ मी/से. तुम्ही सहसंबंधाच्या शिखराचा पूर्ण पिक्सेल उचलताय, म्हणून त्याच्याच पटीत उत्तर येतंय. शिखर आणि त्याच्या दोन्ही बाजूंची मूल्यं घेऊन त्यांतून परवलय काढा.

समजा पूर्व-पश्चिम दिशेत शिखर ६ पिक्सेलांवर आहे. डावीकडे ०.८१, शिखरावर ०.९०, उजवीकडे ०.८५. सरक = (डावं − उजवं) ÷ [२ × (डावं − २ × शिखर + उजवं)] = −०.०४ ÷ −०.२८ = ०.१४. म्हणजे खरं सरकणं ६.१४ पिक्सेल, वेग २० ऐवजी २०.५. उत्तर-दक्षिण दिशेत तेच पुन्हा करायचं.

दोन पथ्यं. शिखर शोधखिडकीच्या (दुसऱ्या चित्रातला, चौकोन शोधायचा भाग) कडेला आलं असेल तर सदिश (काढलेला वारा, वेग आणि दिशा) फेकून द्या, खरं शिखर बाहेर असण्याची शक्यता आहे. आणि उत्तर ±०.५च्या बाहेर आलं तर शिखर चुकीचं उचललंय असं समजा.

तिरकस

शोधखिडकी केवढी आहे ते लिहिलं नाहीत. जेट कमी भरण्याचं कारण तिथेही असू शकतं. १०० मी/से पर्यंतचा वारा पकडायचा तर १० मिनिटांत ६० किमी, म्हणजे दोन्ही बाजूंना ३० पिक्सेल. २४च्या चौकोनाला खिडकी ८४ × ८४ हवी. ४८ची ठेवली असेल तर १२ पिक्सेलांच्या, म्हणजे ४० मी/सेच्या पलीकडे तुम्हाला दिसणारच नाही. म्हशीला दोरी बांधून ती किती लांब जाते ते मोजण्यातला प्रकार.

वातकुक्कुट

खिडकी ६४ची होती. म्हणजे २० पिक्सेल, ६७ मी/से. जेटचा गाभा काही ठिकाणी त्याच्या वर आहे. वाढवतो. पण ४० मी/सेच्या ठिकाणीही ५-६ने कमी येतंय, त्याला दोरी कारण नाही.

पिंजमेघ

त्याला चौकोन कारण आहे. २४ × २४ म्हणजे ४८ किमीचा तुकडा. त्यात वेगाने पळणारे सिरसचे, म्हणजे उंचावरच्या बर्फकणांच्या पातळ ढगाचे, पिंजलेले तंतू असतात आणि खाली रेंगाळणारा मधल्या थरातला ढगही असतो. सहसंबंध दोघांच्या मधला तोडगा काढतो, आणि मंद ढगाचा पोत जास्त ठसठशीत असला की तोडगा त्याच्याकडे झुकतो. हा मंदपणा जगभरच्या सगळ्या केंद्रांना छळत आला आहे, तुमच्या प्रोग्रामचा खास दोष नाही.

गोज-१६पासूनच्या अमेरिकी भूस्थिर उपग्रहांच्या मालिकेसाठी यावर एक चांगला उपाय काढला. मोठ्या चौकोनाच्या आत ५ × ५चे छोटे चौकोन प्रत्येक पिक्सेलभोवती फिरवायचे आणि प्रत्येकाचं सरकणं वेगळं काढायचं. शेदीडशे छोटे सदिश मिळतात. ते आलेखावर टाकले की पुंजके दिसतात : एक वेगवान सिरसचा, एक मंद ढगाचा, बाकी विखुरलेला कचरा. डीबीस्कॅनने (पुंजके ओळखणारी गणनपद्धत) ते वेगळे करायचे, सर्वांत मोठ्याची सरासरी घ्यायची. आणि मुख्य म्हणजे उंची ठरवताना फक्त त्याच पुंजक्यातले पिक्सेल वापरायचे. नाहीतर वेग एका ढगाचा आणि उंची दुसऱ्याची, असं लग्न लागतं.

शून्यअंश

पिंजमेघ यांचं शेवटचं वाक्य चौकटीत लावा. माग काढणं हा या कामातला सोपा भाग. खरी भानगड उंची.

तुमची पद्धत घ्या. थंड पिक्सेलचं तापमान मॉडेलच्या तापमानाशी जुळवणं हे जाड, अपारदर्शक ढगाला चालतं. सिरस अर्धपारदर्शक असतो. त्यातून खालच्या उबदार जमिनीचं किंवा समुद्राचं प्रारण वर झिरपतं. ढग खरोखर २२० केल्विनला असला तरी उपग्रहाला २५० दिसतं. वर जाताना तापमान किमीला ६.५ अंशांनी उतरतं असं धरलं, तर ३० अंशांची चूक म्हणजे तुम्ही ढग साडेचार किमी खाली आणून बसवलात. वाऱ्याचा वेग उंचीनुसार झपाट्याने बदलत असेल तर सदिश अगदी अचूक असूनही चुकीच्या मजल्यावर टांगला गेला म्हणून चूक ठरतो. एकूण चुकीतला सर्वांत मोठा वाटा उंचीचाच असतो.

आडवावारा

थांबा, इथे चिन्ह उलटं पडतंय. सिरस खाली बसवला तर जेटच्या वेगाचा सदिश मंद वाऱ्याच्या थरात येतो. म्हणजे तो तिथे *जास्त* वेगवान दिसायला हवा. धागाकर्त्याची तक्रार कमी वेगाची आहे.

शून्यअंश

बरोबर पकडलंत. उंचीची चूक दोन्ही बाजूंना खेचते. सिरस खाली बसवला की वेग जास्त भरतो, ढग वर बसवला की कमी. धागाकर्ते चौकोनातले सर्वांत थंड पिक्सेल घेतायत. सदिश आला मधल्या थरातल्या ढगाच्या पोतावरून, उंची दिली कोपऱ्यातल्या दोन-चार बर्फाळ पिक्सेलांची. ४०ची जागा आणि ३४चा वेग. पिंजमेघ म्हणतात ते लग्न हेच.

वातकुक्कुट

ठीक. मग अर्धपारदर्शक ढगाची उंची काढायची कशी? एका चॅनेलमधून तर निघणार नाही.

शून्यअंश

दोन चॅनेल लागतात. सर्वांत हाताशी येणारी पद्धत बाष्प चॅनेलची. चौकोनातला प्रत्येक पिक्सेल आलेखावर टाका : आडव्या अक्षावर १०.४ मायक्रॉनचं प्रारण, उभ्यावर ६.२चं, म्हणजे बाष्प चॅनेलचं. प्रारणच घ्या, तापमान नको, तापमानात रेष सरळ राहत नाही. एकाच उंचीवरचा, कमीजास्त जाडीचा ढग असेल तर निरभ्र पिक्सेलांपासून ढगाळ पिक्सेलांपर्यंत सगळे ठिपके जवळपास एका सरळ रेषेत येतात. आता मॉडेलमधलं तापमान आणि बाष्प घेऊन गणिताने दुसरी वक्ररेषा काढा : पूर्ण अपारदर्शक ढग ९००, ८००, ७०० हेक्टोपास्कलला (हवेचा दाब, वर जाताना तो उतरतो) असता तर या दोन चॅनेलांत किती प्रारण दिसलं असतं? ठिपक्यांची सरळ रेष पुढे वाढवा. थंड टोकाकडे ती वक्ररेषेला जिथे छेदते, ती ढगाची उंची.

बिघडतं कुठे? चौकोनात दोन थर असले की ठिपक्यांची रेष न होता झुबका होतो, छेद कुठेही जातो. आणि ढग साधारण ६०० हेक्टोपास्कलच्या पातळीखाली असेल तर ही पद्धत मुळातच आंधळी, कारण वरचं बाष्प त्याला झाकून टाकतं.

पिंजमेघ

भर : १३.३ मायक्रॉनचा चॅनेल असेल तर कार्बन डायऑक्साइडवर आधारलेली पद्धतही जमते. हिमावारी, गोज आणि युरोपच्या मेटिओसॅटकडे तो आहे. इन्सॅट-३डीच्या इमेजरमध्ये सहा चॅनेल आहेत, त्यांत १३.३ नाही. तिथे बाष्पछेदावरच भिस्त.

निंबूसरबत

६.२, १०.४, १३.३... चॅनेलांचे नंबर आहेत की रेडिओ केंद्रांचे?

तिरकस

निंबूसरबत, सगळीकडे एकच गाणं लागतं, "थोडं खाली असेल, थोडं वर असेल."

आडवावारा

खालच्या ढगांचं कोणी बोललंच नाही. ते वेगळंच प्रकरण आहे.

समुद्रावरच्या क्युम्युलस (कापसाच्या ढिगासारखे ढग) किंवा स्तरमेघांना तापमानाची पद्धत चालते, ढग अपारदर्शक असतो. पण समुद्रावर बऱ्याचदा एक-दीड किमीवर इन्व्हर्जन असतं : तापमान उतरत उतरत जातं, अचानक चढतं, मग पुन्हा उतरतं. ढगमाथा त्या झाकणाखाली अडकलेला असतो. मॉडेलमध्ये हे झाकण पुसट असतं. म्हणून ढगाचं थंड तापमान शोधत जाताना झाकणाखाली ते सापडत नाही, आणि थेट वरच्या थरात जुळतं. १ किमीवरचा ढग ३-४ किमीवर. उपाय असा की मॉडेलच्या तापमानात खालच्या दोन-तीन किमीत इन्व्हर्जन दिसलं, तर ढग त्याच्या तळाशी ठेवायचा, जुळणी करत बसायचं नाही.

दुसरं, व्यापारी वाऱ्यांतला क्युम्युलस त्याच्या तळाशी असलेल्या वाऱ्याबरोबर चालतो, माथ्याच्या नाही. त्यामुळे काही ठिकाणी माथ्याचा दाब न देता तळाचा दिला जातो.

गणितीगोंधळ

खालच्या ढगांना १०.४ वापरूही नये. ढगमाथा आणि समुद्र यांच्या तापमानात इतका कमी फरक असतो की पोत मिळत नाही. दिवसा दृश्य चॅनेल घ्या, रात्री ३.९ मायक्रॉन. हिमावारीचा ०.६४चा चॅनेल अर्ध्या किमीचा आहे. पहाटे-संध्याकाळी सावध राहा : सूर्य खाली असताना सावल्या लांबतात आणि चौकोन ढगाऐवजी सावलीला चिकटतो.

वातकुक्कुट

म्हणजे दृश्य चॅनेलमध्ये १० मिनिटांऐवजी अडीच मिनिटांची झटपट चित्रं घेतली तर आणखी चांगलं?

गणितीगोंधळ

हिशोब करून बघा. अर्धा किमी आणि १ मिनिट : एक पिक्सेल = ८.३ मी/से. अडीच मिनिटं : ३.३. पाच मिनिटं : १.७. आणि २ किमीच्या अवरक्तमध्ये १ मिनिट म्हणजे ३३ मी/से! चित्रं जितकी जवळ, तितकी पिक्सेलची पायरी उंच, आणि उपग्रहाच्या नेमाचा बारीकसा हलकावाही वेग बनून येतो. पण लांब ठेवाल तर छोटा क्युम्युलस १०-२० मिनिटांत विरतो, तुम्ही त्याला शोधत दुसऱ्याच ढगाला गाठता.

माझी वाटणी अशी : खालचे क्युम्युलस दृश्यात ५ मिनिटं, सिरस १० ते १५, निरभ्र भागातला बाष्पाचा पोत ३० मिनिटांपर्यंत चालतो कारण तो सावकाश बदलतो.

आडवावारा

सिरसला १५ मिनिटं देण्याशी असहमत. वादळाच्या माथ्यावर पसरणाऱ्या सिरसची कड ५ मिनिटांतही ओळखीच्या पलीकडे जाते. तिथे अडीच मिनिटांचीच चित्रं घ्यावीत आणि पायरीचा प्रश्न दोनऐवजी चार-पाच चित्रांची सरासरी घेऊन सोडवावा.

गणितीगोंधळ

वादळमाथ्यापुरतं मान्य. जेटमधल्या निवांत सिरसला नाही.

खोडरबर

अवांतर : हा उद्योग उपग्रहांच्या आधीपासूनचा आहे. १८८३मध्ये क्राकाटोआचा उद्रेक झाला तेव्हा राखेच्या धुरळ्याने विषुववृत्ताजवळून साधारण दोन आठवड्यांत पृथ्वीची फेरी मारली. लाल सूर्यास्त कुठे कधी दिसले त्या नोंदी जोडून वरच्या थरातल्या पूर्वेच्या वाऱ्यांचा वेग निघाला. मग १८९६-९७मध्ये आंतरराष्ट्रीय ढगवर्ष पाळलं, तेव्हा निरनिराळ्या देशांत जमिनीवरून ढगांची उंची आणि चाल मोजली.

उपग्रहांचा अध्याय डिसेंबर १९६६मध्ये एटीएस-१ या नासाच्या भूस्थिर उपग्रहाने सुरू झाला. त्यावरचा कॅमेरा अमेरिकी हवामानशास्त्रज्ञ व्हर्नर सुओमी यांच्या कल्पनेतला. उपग्रह स्वतःभोवती मिनिटाला साधारण १०० गिरक्या घ्यायचा, प्रत्येक गिरकीत चित्राची एक आडवी ओळ, सुमारे २० मिनिटांत पूर्ण चित्र. सुरुवातीला त्या चित्रांची फिल्म करून पडद्यावर पुन्हापुन्हा फिरवत आणि माणसं हाताने ढगांवर खुणा करत. हवामानशास्त्रज्ञ टेड फुजिता यांनी त्यात बरंच काम केलं आहे.

तिरकस

म्हणजे मूळचा मॅचटेम्प्लेट चष्मा लावून बसायचा.

खोडरबर

आणि त्या चष्म्याला स्थिर ढग लगेच कळायचे, जे प्रोग्रामला अजून कळत नाहीत.

शून्यअंश

खोडरबर मूळ प्रश्नावर आणताहेत. ढग वाऱ्यानेच सरकतो का? नेहमी नाही. तीन फसवे प्रकार.

डोंगराच्या आडोशाला लाटांचे ढग बनतात. वारा त्यांतून ३० मी/सेने आरपार जातो, पण ढग तिथल्या तिथे. पुढच्या कडेला बनतो, मागच्या कडेला विरतो. प्रोग्राम शून्य वेगाचा, उत्तम सहसंबंधाचा सदिश देतो. आपल्या खुंट्याला बांधलेला ढग.

दुसरा, वाढणारं वादळ. माथा चहूकडे फुलतो. पश्चिमेची कड पश्चिमेला, पूर्वेची पूर्वेला. ते पसरणं खरं असतं, पण भोवतालचा वारा तो नव्हे.

तिसरा त्यातूनच निघतो. उपग्रह तिरका बघतो, त्यामुळे उंच ढग चित्रात उपग्रहापासून दूर ढकललेला दिसतो. बघण्याचा कोन ४५ अंशांचा असेल तर १२ किमी उंचीचा ढग १२ किमी सरकलेला. ढगाची उंची बदलत नसेल तर दोन्ही चित्रांत सारखंच सरकणं, वेगावर फरक नाही, फक्त जागा चुकते. पण ढग १० मिनिटांत ३ किमी वाढला तर तो ३ किमी बाजूला गेल्यासारखा दिसतो : ५ मी/सेचा वारा फुकटात.

वातकुक्कुट

मग हे गाळायचे कसे? सहसंबंध तर उत्तम येतोय.

पिंजमेघ

सहसंबंधावर विसंबू नका. तो फक्त "हाच तुकडा" एवढं सांगतो, "हा वारा" असं सांगत नाही. क्रम असा लावा :

आधी चौकोनात पोत आहे का ते पाहा, सपाट राखाडी तुकडा घेऊच नका. दोन नाही, तीन चित्रं घ्या. पहिल्या-दुसऱ्या आणि दुसऱ्या-तिसऱ्या जोडीचे सदिश वेगळे काढा. पूर्व-पश्चिम किंवा उत्तर-दक्षिण घटकात १० मी/सेपेक्षा जास्त फरक असेल तर दोन्ही बाद, नाहीतर सरासरी. मग शेजाऱ्यांशी तुलना. सगळे पश्चिमेचे आणि एकटाच उत्तरेचा, तर तो एकटा खोटा असण्याचीच शक्यता जास्त. यातून ० ते १०० गुण देण्याची पद्धत रूढ आहे. ८०च्या वरचे घेतले तर बरेच चांगले उरतात. डोंगराचे ढग मात्र यातूनही सुटतात, कारण ते तिन्ही चित्रांत प्रामाणिकपणे स्थिर असतात. उंच डोंगराळ भागावरचे खालच्या थरातले सदिश सरळ गाळणं हाच उपाय.

आडवावारा

त्या गुणांत मॉडेलशी तुलनाही धरली जाते. ती धरू नये. मॉडेलशी जुळतो तोच सदिश चांगला म्हटलं, की जिथे मॉडेल चुकलंय तिथलेच सदिश आपण फेकतो. आणि खरी गरज तिथेच असते.

पिंजमेघ

म्हणूनच गुण दोन प्रकारे दिले जातात, मॉडेलसह आणि मॉडेलविना. तपासणीला दुसरा घ्या. पण शोधखिडकी मॉडेलच्या वाऱ्याभोवती लावून छोटी केली असेल, तर मॉडेल मागच्या दाराने आत आलंच, हेही ध्यानात ठेवा.

निंबूसरबत

इतकं गाळून जे उरतं त्याचा उपयोग काय? हवामानाचे बलून आहेतच की.

खोडरबर

बलून बहुतेक ठिकाणी दिवसातून दोनदा, ०० आणि १२ यूटीसीला (जागतिक प्रमाणवेळ), आणि जवळजवळ सगळे जमिनीवरून. समुद्रावर कोण सोडणार? १९७९च्या जागतिक हवामान-प्रयोगाच्या वेळी हिंदी महासागर भूस्थिर उपग्रहाविना होता, म्हणून गोज-१ तिकडे सरकवला. त्यातून मान्सूनच्या खालच्या जेटचं समुद्रावरचं चित्र मिळालं.

शून्यअंश

गंमत म्हणजे इतके सदिश काढून मॉडेलमध्ये घालताना पुन्हा विरळ करतात, मोठ्या चौकोनात एखादाच. शेजारच्या सदिशांच्या चुका एकमेकांशी बांधलेल्या असतात, कारण उंची काढायला तेच मॉडेल, तेच तापमान वापरलेलं. शंभर जणांनी एकाच चुकलेल्या घड्याळात बघून वेळ सांगितली तर ती शंभर साक्षीदारांची साक्ष होत नाही.

तपासनीस

ध्रुवांकडे हे चालत नाही हे नोंदवतो. ६०-६५ अंशांच्या पलीकडे भूस्थिर उपग्रह इतका तिरका बघतो की पिक्सेल ओढले जातात. तिथे टेरा आणि ॲक्वा या ध्रुवांवरून फिरणाऱ्या उपग्रहांवरच्या मोडिस या उपकरणाच्या सुमारे १०० मिनिटांच्या अंतराच्या फेऱ्यांतला सामायिक भाग वापरला गेला.

आणि धागाकर्त्यांनी २ किमी हा आकडा सगळीकडे वापरला असेल तर तेही चूक. ६० अंश अक्षांशावर पिक्सेल उत्तर-दक्षिण दिशेत दुपटीहून जास्त लांब होतो. पिक्सेलने भागू नका. चौकोनाच्या मध्याचे दोन्ही वेळचे अक्षांश-रेखांश काढा आणि त्यांतलं पृथ्वीवरचं अंतर घ्या.

वातकुक्कुट

छोट्या चौकोनांचं आणि पुंजक्यांचं करून पाहिलं. खिडकी वाढवली, उंची पुंजक्याच्याच पिक्सेलांवरून घेतली. जेटमधला तुटवडा ५-६वरून २च्या आसपास आला. अक्षांश-रेखांशांचंही बदलतो. तिसरी शंका मात्र जशीच्या तशी, नैर्ऋत्येचे वायव्येचे. उंची बदलूनही फरक नाही.

तपासनीस

ती उंचीची नाहीच. पश्चिमेचे सरळ वारे जुळतात, म्हणजे पूर्व-पश्चिम घटक ठीक, फक्त उत्तर-दक्षिण उलटा. चित्रात ओळींचे क्रमांक वरून खाली वाढतात. ढग ईशान्येकडे गेला की स्तंभ वाढतो आणि ओळ *कमी* होते. तुम्ही ओळीतला फरक तसाच उत्तर दिशा म्हणून घेतलाय. उणे चिन्ह लावा.

दिशा काढताना : २७० वजा आर्कटॅन२(उत्तर घटक, पूर्व घटक), अंशांत, ३६०च्या आत आणून. (आर्कटॅन२ हे दोन घटकांवरून कोन देणारं फंक्शन.) दोन्ही घटक +१० असतील तर २२५ यायला हवं, म्हणजे नैर्ऋत्येचा. अक्षांश-रेखांशांनी अंतर घेतलंत तर चिन्ह आपोआपच सुधारेल.

वातकुक्कुट

२२५ आलं.

तिरकस

एवढे चॅनेल, एवढे थर, आणि निघालं काय, चित्र डोक्यावर उभं होतं.